तीन अंगठे

दयानंदनं पहिली थप्पड मारली तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. तिसरी होईपर्यंत त्यानं आणखी चार मारल्या. शिवकन्या शिट्ट्या मोजत होती. अकरा वर्षांच्या संसारात तिला एवढं कळून चुकलं होतं, की मार मोजला तर जास्त लागतो आणि दुसरं काही मोजत राहिलं तर जरा कमी.

"कळलं का?" प्रत्येक फटक्यानंतर दयानंद विचारायचा. आवाज चढवायचा नाही. फळ्यावर गणित सोडवून दाखवल्यासारखं "कळलं का?" आणि पुन्हा हात. आज जे कळायचं होतं ते असं, की त्याला न विचारता तिनं भावाला फोन केला होता. काल काय कळायचं होतं ते तिला आठवतही नव्हतं.

तिसऱ्या शिट्टीला तिनं गॅस बंद केला. दयानंदनं हात धुतले आणि जेवायला बसला. वरण चांगलं झालंय म्हणाला.

दयानंद कोळेकर म्हणजे गावात गुणाचा माणूस. लाइनमन होता. वादळात सगळे घरात बसलेले असताना हा खांबावर चढायचा, म्हातारीकोतारी त्याच्यावरून बोटं मोडून दृष्ट काढायची. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते काय असतं, हे गावात फक्त शिवकन्येला ठाऊक होतं. आणि बार्शीत राहणाऱ्या तिच्या भावाला.

रेवण सलगर, वय पंचवीस. आई-बाप गेल्यापासून बहिणीनंच वाढवलेला. चार वर्षं तो गपाट सरांच्या भरती अकॅडमीत पोलीस व्हायची तयारी करत होता. पहाटे धावायचा, दुपारी गोळा फेकायचा, संध्याकाळी पाठांतर. "ताई, वर्दी अंगावर आली की दाजीचा हात आपोआप खिशात जातोय बग," तो म्हणायचा. शिवकन्येनं या एका वाक्यावर चार वर्षं काढली होती. लोक विचारतात, मार खाऊन बाई राहते कशाला? ही राहिली होती भावाला वर्दी मिळेपर्यंत. त्यानंतर काय करायचं, हे तिनं ठरवलेलं नव्हतं. वर्दीच काय ते करेल, अशी तिची समजूत होती.

घोडं अडलं होतं उंचीवर. रेवणची उंची एकशे पासष्ट पूर्णांक आठ सेंटिमीटर. बापाच्या काळात एवढी पुरत होती. आता पुरत नव्हती, आणि त्याचं कारण शिवकन्या जिथं नर्स होती त्याच केंद्रात रोज विकलं जात होतं.

उंचीचं शास्त्र तिला तोंडपाठ होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती ते सांगायची. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूषिका. ती वाढीचं संप्रेरक सोडते, तेही सलग नाही, थांबून थांबून, बहुतेक झोपेत. ते रक्तातून यकृताकडं जातं. यकृत मग आपल्याकडून दुसरं एक रसायन धाडतं, त्याचं नाव आयजीएफ. ते हाडांच्या टोकांशी असलेल्या मऊ कूर्चेला सांगतं, चल, वाढ. कूर्चा थरावर थर रचते आणि हाड लांबतं. आयजीएफ पुरेसं झालं की तेच मेंदूला जाऊन सांगतं, आता बास. विशीच्या आसपास ती कूर्चा पिकते, तिचं हाड होतं आणि दुकान बंद. मग दूध प्या नाहीतर झाडाला लोंबकळा, माणूस सूतभर वाढत नाही.

बारा वर्षांपूर्वी ही पिकलेली टोकं पुन्हा मऊ करणारं औषध सापडलं. त्याच्या जोडीला एक यंत्र आलं. तांदळाच्या दाण्याएवढं, दंडाच्या कातडीखाली बसणारं. दर तासाला ते रक्तातलं आयजीएफ मोजायचं आणि कमी पडलं तर वाढीचं संप्रेरक थेंबाथेंबानं सोडायचं. शिवाय ते शिकायचं. कुठल्या शरीराला किती लागतं, कधी लागतं, हे ध्यानात ठेवून पुढची मात्रा ठरवायचं. कंपनीनं त्याला भारदस्त नाव दिलं होतं, लोक म्हणायचे दाणा.

तर दाणा आला आणि भरतीला येणारी निम्मी पोरं पाच-पाच सेंटिमीटर वाढून यायला लागली. मग भरतीवाल्यांनी काय करावं? किमान उंची एकशे पासष्टवरून एकशे सत्तरवर नेली. ज्यानं दाणा बसवला नाही तो जागच्या जागी उभा राहून बुटका झाला. रेवण त्यातलाच एक.

पंचविशीनंतर दाणा बसवता येत नाही. म्हणून चैत्रात, रेवणला सव्विसावं लागायच्या आत, शिवकन्येनं स्वतःच्या हातानं त्याच्या दंडात दाणा बसवला. आधी प्रश्नावली भरायची असते. साखर आहे का, घराण्यात कर्करोग आहे का, झोप किती. शेवटून तिसरा प्रश्न होता: उपवास करता का? उत्तरं तीन: नाही, फराळी, निरंकार.

शिवकन्येनं रेवणला विचारलंसुद्धा नाही. "एकादशी अन् दुप्पट खाशी," ती हसत म्हणाली आणि 'फराळी'वर बोट ठेवलं. "तुझा उपास मला ठाऊक न्हाई व्हय? अर्धा किलो साबुदाणा तू एकटा संपवतूस."

रेवणही हसला. त्या दिवशी ते उत्तर खरंच होतं.

*

पाच महिन्यांत रेवण एक पूर्णांक तीन सेंटिमीटर वाढला. दाणा सावकाशच काम करतो, ते तसंच असायला हवं. पण भरती दिवाळीनंतर पंधरा दिवसांवर आलेली, आणि अजून जवळजवळ तीन सेंटिमीटर कमी. भाद्रपदात तो तुळजापूरला जाऊन आला आणि देवीला नवस बोलला. नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी राहीन, दिवसाला दोन लवंगा आणि पाणी, तिसरं काही तोंडात घालणार नाही. आई, तेवढी उंची दे.

नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणून बहिणीला सांगितलं नाही. "नवरात्र धरलंय," एवढंच फोनवर म्हणाला. त्यात विचारण्यासारखं काय होतं? नवरात्र शिवकन्येनंही धरलं होतं, भगर आणि बटाट्याच्या भाजीवर. गपाट सरांना मात्र माहीत होतं. त्यांनी रेवणच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "भलं! अंग हलकं व्हईल. धावायला बरं पडंल."

पाचव्या माळेच्या दुपारी शिवकन्येच्या हातातल्या यंत्रावर निरोप आला. उमेदवार चारशे सतरा, आयजीएफ अपेक्षेपेक्षा कमी, मात्रा दुप्पट करायची असल्यास अंगठा द्या. चारशे सतरा म्हणजे रेवण. असे निरोप येतच असतात. तिनं अंगठा दिला.

सातव्या माळेला पुन्हा आला. या वेळी मात्रा चौपट. केंद्राचा नियम होता, दुसरा निरोप आला की माणसाला बोलावून तपासायचं. शिवकन्येनंच तो नियम छापून भिंतीला चिकटवला होता. पण त्या सकाळी दयानंदनं तापलेलं उलथनं तिच्या डाव्या मनगटाला लावलं होतं. भाकरी करपली होती एवढंच निमित्त. "कळलं का?" त्यानं विचारलं होतं आणि ती कळलं म्हणेपर्यंत उलथनं काढलं नव्हतं. आता मनगटावर पट्टी बांधून ती त्या पडद्याकडं बघत बसली. रेवणला बोलावलं तर तपासणी होणार. तपासणी झाली की दाणा थोडे दिवस थांबवणार. दाणा थांबला की भरती हुकली, आणि भरती पुन्हा दोन वर्षांनी.

वाढू दे की, तिला वाटलं. देवीच वाढवतेय असं समजू. तिनं अंगठा दिला.

नवव्या माळेला आठपटीचा निरोप आला तेव्हा तिनं तो वाचलासुद्धा नाही, नुसता अंगठा दिला.

*

दसऱ्याला रेवण आला तो ओळखू येईना. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, पायांना भेगा. बसल्या बैठकीला त्यानं अकरा पुरणपोळ्या खाल्ल्या. शिवकन्येला बरं वाटलं. धावण्याचा सराव जोरात दिसतोय, असं ती मनात म्हणाली.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन तो दाजींसमोर वाकला. "सोनं घ्या दाजी, सोन्यासारखं राहा." हे बोलताना त्याची नजर बहिणीच्या मनगटावरच्या पट्टीवर होती.

दयानंदनं पानं खिशात टाकली. "काठीला कापडं घातल्यागत दिसतूयास रं. भरतीत वाऱ्यानं उडशील."

 रेवणनं दाजींच्या पायांना हात लावला आणि शेवटच्या गाडीनं बार्शीला गेला.

आठव्या दिवशी त्याचे बूट फाटले. नवे घेतले ते चार दिवसांत चावायला लागले. रात्री पाय आतून कुणी पिरगाळल्यासारखे दुखायचे. घामानं अंथरूण भिजायचं, डोकं ठणकायचं, बोटातली चांदीची अंगठी कापून काढावी लागली. पण भिंतीवरची पट्टी मात्र रोज नवं काहीतरी सांगत होती. एकशे अडुसष्ट, एकशे एकोणसत्तर, एकशे सत्तर. अकॅडमीतल्या पोरांनी नारळ फोडला.

शिवकन्या चिवडा-लाडू घेऊन त्याला बघायला गेली ती नेमकी त्या दिवशी. मैदानात रेवण गोळा फेकत होता. सात किलोचा लोखंडी गोळा तो चेंडूसारखा भिरकावत होता. गपाट सरांचा चेहरा असा फुलला होता, जणू स्वतःच्या पोराचं लग्न लागतंय.

भगीरथ नावाचा एक पोरगा गोळा परत आणून द्यायला आला. पोरगा चावट, पण मनानं वाईट नव्हता. शिवकन्येच्या हाताकडं बघून तो रेवणच्या कानाशी लागला, तरी त्याचे शब्द तिला ऐकू आले. "रेवण्या, तुझ्या दाजीनं बी दाणा बसवलाय व्हय रं? हात लांबच व्हत चाललाय की त्येचा."

रेवणनं त्याला मारलं म्हणणंही चूक होईल. उघड्या तळहातानं त्याच्या छातीला फक्त मागं ढकललं. वाळलेल्या तुराट्या गुडघ्यावर मोडाव्यात तसा आवाज झाला आणि भगीरथ सहा फूट मागं जाऊन पडला. तो उठेना. त्याच्या तोंडातून फेसाळ रक्त आलं. रेवण त्याच्याकडं चालत गेला. शिवकन्येला वाटलं, उचलायला चाललाय. त्यानं वाकून भगीरथच्या पोटात लाथ घातली. मग आणखी एक. तिसरीला चौघांनी त्याला मागं ओढलं, त्यातल्या एकाचा हात त्या ओढाताणीत खांद्यातून निखळला.

"बास! बास!" गपाट सर ओरडत होते, पण ओरडण्यात निम्मं कौतुक होतं. भगीरथला गाडीत घालून दवाखान्यात पाठवताना ते इतरांना म्हणाले, "गोळा छातीवर पडला म्हनायचं. आन् रेवण, ह्यो जोर भरतीसाठी राखून ठेव."

रेवण आपल्या तळहाताकडं बघत उभा होता. "ताई, मी हळूच ढकललं गं," तो म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती, शब्द तोंडात लोळत होते. दातांमध्ये फटी पडल्या होत्या. शिवकन्येनं त्याची हनुवटी धरून वर केली. ती बापाची हनुवटी नव्हती, आईचीही नव्हती. तिनं त्याला त्याच पावली केंद्रावर नेलं.

*

"किती दिवस उपाशी होता?" केंद्रातल्या डॉक्टर खडके यांनी कागदावरून नजर न काढता विचारलं.

"नऊ," रेवण म्हणाला.

"फराळ काय घेत होता?"

"दोन लवंगा."

शिवकन्येनं खुर्चीची पाठ धरली.

डॉक्टरांनी तिलाच सांगितलं, रेवणला नव्हे. सहकाऱ्याला सांगावं तसं, पण आवाज कठोर होता. "दुष्काळात शरीर वाढत नाही, सिस्टर. अन्नच नसेल तर यकृत संप्रेरकाचं ऐकणं बंद करतं, बहिरं होतं. संप्रेरक कितीही असो, आयजीएफ खालीच राहतं. शहाणपणाच आहे तो शरीराचा. दाण्याला आपण सांगितलं होतं, हा माणूस फराळी उपास करतो. निरंकार सांगितलं असतं तर तो आपोआप थांबला असता. त्याला दिसलं, आयजीएफ पडतंय. त्यानं मात्रा वाढवली. तरी पडतंय, आणखी वाढवली. त्यानं नऊ दिवसांत एवढंच शिकून घेतलं, की ह्या शरीराला आठपट लागतं. दसऱ्याला ह्यानं पुरणपोळी खाल्ली आणि यकृताला ऐकू यायला लागलं. ऐकू आलं ते काय, तर आठपट आरोळी."

"बंद करा दाणा," शिवकन्या म्हणाली.

"केला. पण अंगात साठलंय ते उतरायला दोन महिने लागतील. तोवर हाडांची टोकं लोण्यासारखी मऊ. हृदय मोठं झालंय. सगळ्यात वाईट म्हणजे मांड्यांचे खुबे." डॉक्टरांनी स्वतःच्या कमरेच्या बाजूला, हाड लागतं तिथं, तळहात ठेवला. "इथं हाडाचा गोळा मऊ कूर्चेवर नुसता टेकलाय. बाजूनं एक दणका बसला तर सरकेल. मग हा माणूस जन्मात सरळ चालणार नाही. कुबड्या घ्यायच्या. धावणं नाही, उडी नाही."

"आन् राग?" शिवकन्येनं विचारलं. "राग पण दाण्यानंच आलाय ना?"

डॉक्टर धावायला मनाई असल्याचा कागद लिहायला बसल्या. "झोप नाही, डोकं दुखतं, साखर वर-खाली होते. माणूस चिडतो, हे खरं. पण राग त्याचा स्वतःचाच आहे, सिस्टर. आधीपासूनचा. हाडं तेवढी नवी आहेत."

बाहेर आल्यावर रेवण भिंतीवरच्या पट्टीला पाठ लावून उभा राहिला. एकशे एकाहत्तर पूर्णांक सहा. "बसलो बग ताई मापात," तो म्हणाला आणि त्या नव्या, मोठ्या तोंडानं हसला. कुबड्या त्यानं अकॅडमीच्या दारामागं उभ्या केल्या. डॉक्टरांचा कागद गपाट सरांनी घडी करून खिशात ठेवला. "सिस्टर, भरती हुईस्तवर ह्यो कागद मला दिसलाच न्हाई. तुमाला दिसला का?"

 गप्प राहण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

*

भाऊबिजेला सकाळी दहाच्या सुमारास रेवण दारात आला तेव्हा त्याला वाकून आत यावं लागलं. चौकट जुनी, ठेंगणी होती, पण पूर्वी तो सरळ यायचा. शिवकन्येनं शिसवी पाट मांडला होता, भोवती रांगोळी, ताटात निरांजन, सुपारी, करदोटा. तिनं पदर डाव्या गालावर ओढून घेतला होता. दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे आदल्या दिवशी, ओवाळून झाल्यावर दयानंदनं तिचं तोंड दाराच्या कडीवर आपटलं होतं. ताटातली वात विझली एवढंच झालं होतं.

"ताई, पदर काढ."

"आदी पाटावर बस तू. मुहूर्त जाईल."

"पदर काढ म्हन्तो."

त्यानंच पदर बाजूला केला. डोळा मिटलेला, भुवईला पाच टाके. रेवण बघत राहिला. आतल्या खोलीतून दयानंद बनियनवर बाहेर आला, हातात चहाचा कप. "आलास व्हय? बस की. काय पाहिजे त्ये दाखवतीया वाटतं ही, ओवाळायचं सोडून." कप त्यानं खिडकीत ठेवला आणि बायकोकडं वळला. "मी काय म्हनालो हुतो? कळलं का—"

पुढचं वाक्य झालंच नाही. रेवणच्या पहिल्या ठोशानं त्याचा जबडा एका बाजूला गेला आणि तिथंच राहिला. दयानंद निरांजनाच्या ताटावर पडला, तेल सांडलं, रांगोळी फिसकटली. रेवणनं त्याला बनियनला धरून उठवलं, भिंतीवर आपटलं, पुन्हा उठवलं. दयानंदनं आधी हात वर केले, मग तेही केले नाहीत. त्याच्या नाकातून, कानातून रक्त येत होतं. एक दात शिवकन्येच्या पायाशी येऊन थांबला.

आणि खरं सांगायचं तर, शिवकन्येला आधी आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. अकरा वर्षांचा तो आनंद होता. घशाशी आला आणि तिनं तो गिळला नाही. मार, ती मनात म्हणाली. आणखी मार.

रेवण दयानंदच्या छातीवर बसला. दोन्ही हातांत त्याचं डोकं धरलं आणि फरशीवर आपटलं.

"कळलं का?" तो म्हणाला.

पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. "कळलं का?"

आवाज चढलेला नव्हता. फळ्यावर गणित सोडवून दाखवल्यासारखा. जड जिभेनं का होईना, शब्द तेच, लय तीच. खालचा ओठ दातांत धरलेला, तोही तसाच. हे तो कुठं शिकला? सुट्टीला ह्या घरात यायचा तेव्हा आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडून असायचा. झोपलेला असतो, असं तिला वाटायचं.

"रेवण! मरंल त्यो! सोड!"

त्याला ऐकू येत नव्हतं. तिनं त्याच्या पाठीवर मुठी मारल्या, केस ओढले, दंडाला लोंबकळली. त्यानं खांदा नुसता झटकला आणि ती ओट्यापाशी जाऊन पडली. दारात शेजारची माणसं जमली होती. अकरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकणारी माणसं आता डोळ्यांनी बघत होती, आणि आत कुणीही येत नव्हतं. दयानंदच्या डोक्याखालून रक्त फरशीच्या भेगेतून वाहत पाटापर्यंत आलं होतं.

आणखी तीन-चार आपटण्यांत हा माणूस संपणार, हे शिवकन्येतल्या नर्सला दिसत होतं. आणि मग वर्दीऐवजी रेवणच्या अंगावर तुरुंगातले कपडे येणार, त्याच्या ओठांवर जन्मभर तेच दोन शब्द राहणार.

तिनं पाट उचलला. शिसवी पाट, आईचा, लग्नात दिलेला. दोन्ही हातांनी धरला. रेवण गुडघ्यांवर होता, उजवी कंबर तिच्या बाजूला. डॉक्टरांनी तळहात कुठं ठेवला होता, ते तिला नीट आठवत होतं.

अकरा वर्षांत तिनं कुणावर हात उचलला नव्हता. तिनं पाट डोक्याच्या मागं नेला आणि सगळ्या अंगानं घातला.

आवाज फार झाला नाही. हाड आतल्या आत सरकल्याचा एक बोथट कट्ट, आणि मग रेवणची किंकाळी. तो एका अंगावर कोसळला. उजवा पाय कमरेपासून बाहेरच्या बाजूला असा वळला होता, की तो दुसऱ्याच कुणाचा पाय त्याला जोडलाय असं वाटावं. दारातली माणसं आता आत आली.

*

सोलापूरच्या रुग्णालयात दोघंही एकाच मजल्यावर होते. दयानंद जगला. जबडा तारांनी बांधलेला, डोक्याला टाके, बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं खुणेनं पाटी मागितली आणि बायकोला लिहून दाखवलं: त्याच्यावर केस कर. मी सही करतो.

शिवकन्येनं ते वाचलं. पाण्याचा पेला त्याच्या हाताला लागेल असा ठेवला आणि भावाच्या खोलीत गेली.

रेवणच्या खुब्यात तीन खिळे घातले होते. पायाला वजन लावलेलं. तिथले डॉक्टर म्हणाले होते, चालेल, पण काठीनं, आणि उजवा पाय चार सेंटिमीटर आखूड. सकाळी कुणीतरी कागदावर त्याची उंची लिहून गेलं होतं, झोपलेल्या अवस्थेत मोजलेली. एकशे त्र्याहत्तर. त्यानं तो कागद उलटा करून ठेवला होता.

शिवकन्या पलंगाशी बसली. माफी कशी मागायची, हे ती रस्ताभर जुळवत आली होती. तिनं तोंड उघडायच्या आत रेवणनंच विचारलं. आवाजात राग नव्हता, त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"ताई, येवढा जोर हुता तुझ्या हातात, तर अकरा वर्सं ठेवला कुटं हुतास?"

  ती भावाच्या त्या मोठ्या, सुजलेल्या हातावर डोकं ठेवून रडली. अकरा वर्षांत रडली नव्हती तेवढी रडली. रेवणनं दुसरा हात उचलला, तिच्या केसांवर ठेवणार होता, पण आपल्या हाताचं वजन आठवून तो तसाच हवेत धरून राहिला.

मग तिनं तोंड धुतलं आणि खाली गेली. रुग्णालयाच्या दाराशीच पोलीस चौकी होती. टेबलामागं एक तरुण हवालदार बसला होता, धिप्पाड, खुर्चीत न मावणारा. हनुवटी पुढं आलेली, दातांमध्ये फटी. जाड बोटांत त्याला पेन नीट धरता येत नव्हतं. शिवकन्येनं त्याच्याकडं क्षणभर निरखून बघितलं. डोकं फार दुखतं का तुमचं, असं तिला विचारावंसं वाटलं.

"तक्रार कुणाविरुद्ध, मॅडम?"

"तिघांविरुद्ध." तिनं मनगटावरची पट्टी सोडली आणि डाग टेबलावर, उजेडात धरला. "पहिलं नाव दयानंद कोळेकर, माझे मालक. हे अकरा वर्षांचं आहे, जरा सावकाश लिहून घ्या. दुसरं नाव गपाट, भरती अकॅडमीचे. त्यांनी डॉक्टरांचा कागद खिशात ठेवला."

हवालदारानं पेन घट्ट धरून दोन्ही नावं लिहिली. "आन् तिसरं?"

"शिवकन्या कोळेकर. नर्स."

त्यानं मान वर केली. "म्हंजे तुमीच? तुमी काय केलं?"

"मी अंगठा दिला," ती म्हणाली. "तीन वेळा."

हवालदारानं नवं पान घेतलं.